दहा दिव्यांची चांदणी, खर्च एकाच दिव्याचा

आमच्या गॅलरीत प्लग नाही. त्यामुळे दरवर्षी दिवाळीत हॉलमधल्या सॉकेटपासून एक वायर सरकत्या दाराच्या फटीतून बाहेर जाते, दार नीट लागत नाही आणि वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत डास घरात पाहुणचार घेतात. दोन वर्षांपूर्वी आई वैतागून म्हणाली, "एवढं ते सर्किट-बिर्किट करत बसतोस, सेलवर चालणारा कंदील नाही का करता येत तुला?"

करता येतो. पण साधा पेटलेला दिवा करण्यात गंमत नव्हती, म्हणून मी पळत्या दिव्यांची चांदणी करायला घेतली: दहा एलईडी, एकामागून एक पेटणाऱ्या. सर्किट एका रविवारी जमलं. सेलने मात्र दोन महिने नाचवलं. शोभेच्या वस्तूत बॅटरी आली की ती वस्तू तुम्ही डिझाइन करत नाही, बॅटरी करते, हे मला तेव्हा कळलं. कोणता चिप घ्यायचा, कोणत्या रंगाचा दिवा, बोर्ड (ज्यावर चिप आणि दिवे बसतात ती पाटी) कुठून टांगायचा, सगळं शेवटी तिच्यापाशी येतं.

आधी हे दिवे पळतात म्हणजे काय ते पाहू.

कुणीच पळत नाही. पहिला विझतो, शेजारचा पेटतो, एवढंच. मधली धाव आपला मेंदू भरून काढतो. मॅक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या भासावर निबंध लिहिला. जवळजवळच्या दोन ठिकाणी वेळेचं योग्य अंतर ठेवून उजेड दाखवला, तर माणसाला दोन उजेड दिसतच नाहीत, एकच सरकताना दिसतो. अंतर फार कमी ठेवलं तर दोन्ही एकदम पेटल्यासारखे वाटतात, फार जास्त ठेवलं तर सुटे सुटे.

यातून एक मजेशीर गोष्ट निघते. माळेतले दिवे एकाआड एक असे दोनच गटांत जोडले, तर उजेड डावीकडे पळतोय की उजवीकडे हे सांगता येत नाही, कारण पुढचा पेटलेला दिवा दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर असतो. डोळा गोंधळतो आणि नुसतं लुकलुकणं दिसतं. तीन गट केले, १-२-३, १-२-३, की लगेच दिशा येते. म्हणजे लांबलचक माळ पळवायलाही तीन गट पुरतात. इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त होण्याआधी मोठ्या रोषणाईत हेच काम मोटारीवर फिरणारा ड्रम करायचा. ड्रमवर पत्र्याच्या पट्ट्या, त्यांना घासणारे संपर्क, आणि प्रत्येक पट्टी आली की एक गट चालू. वरून ठिणग्या फुकट.

मला माळ नको होती, चांदणी हवी होती. आणि चांदणी व दहा या आकड्याचं नातं कागदावर आकृती काढली तेव्हा कळलं. पाच टोकांच्या चांदणीला पाच बाहेरचे आणि पाच आतले, असे दहा कोपरे असतात. दिवे पळवायला सगळ्यात सहज मिळणारा चिप म्हणजे ४०१७, आणि त्याला बाहेर जाणाऱ्या वाटा बरोबर दहा. शिवाय अशा नियमित चांदणीच्या दहाही बाजू सारख्या लांबीच्या असतात. म्हणजे दिवे कोपऱ्यांवर बसवले तर प्रत्येक उडी सारखीच पडते आणि उजेड कुठे अडखळत नाही. बाहेर-आत-बाहेर-आत असा तो जातो, सुईने कडेला टाके घालत चालल्यासारखा.

सेल आधी, बाकी नंतर

माझी चांदणी मध्यापासून टोकापर्यंत ४० मिलिमीटर. तिच्या पोटात जो पंचकोन उरतो त्यात साधारण २४ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ मावतं. घड्याळात आणि कारच्या चावीत असतो तो सीआर २०३२ हा चपटा सेल २० मिलिमीटरचा. मोह झाला. सेल आत चपखल, मागे काही लोंबत नाही. त्या नावातच त्याचं माप आहे, हेही सांगून टाकतो: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२.

मोह आवरला तो आकड्यांमुळे. त्या सेलची क्षमता २२० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास. म्हणजे १ मिलिअँपिअर ओढला तर २२० तास, असा हिशोब. पण ही क्षमता मोजलेली असते ०.२ मिलिअँपिअरच्या आसपास ओढून, थेंब थेंब. एलईडीला त्याच्या वीसपट लागतो. इतका ओढला की सेलच्या आतल्या रोधातच व्होल्टेज खचतं आणि छापलेली क्षमता हाती येत नाही. बारीक नळाच्या टाकीसारखं आहे ते: पाणी आहे, पण बादली भरून मागाल तर धार येत नाही. दुसरी अडचण व्होल्टेजची. सेल ३ व्होल्टचा आणि पांढऱ्या किंवा निळ्या एलईडीला स्वतःलाच ३ च्या आसपास लागतात. नवा सेल टाकल्यावर थोडा वेळ उजेड, मग मिणमिण.

आणि तिसरं कारण खरं तर पहिलंच असायला हवं. असा सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. सणाच्या घरात पोरं असतात आणि चमचमणारी वस्तू त्यांच्याच हातात जाते. तरीही हा सेल वापरायचा असेल, तर स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणातच ठेवा.

मग नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी? हौशी लोकांच्या किटमध्ये तीच असते, कारण तिला टोपी लावली की झालं. पण ती फोडून पाहिली तर आत दीड व्होल्टचे सहा बारके सेल निघतात. आकार बारका, म्हणून क्षमताही बारकी. चांगली अल्कलाइन घेतली तरी साधारण ५०० मिलिअँपिअर-तास. आणि त्या नऊ व्होल्टपैकी लाल एलईडी दोनच वापरते. उरलेले सात रेझिस्टरमध्ये, म्हणजे वीज अडवणाऱ्या भागात, तापून जातात. शंभरातले अठ्ठ्याहत्तर रुपये दलालाला देण्यासारखा हा व्यवहार.

राहिले आपले जुनेच पेन्सिल सेल, म्हणजे एए. तीन घेतले की साडेचार व्होल्ट, अल्कलाइन असतील तर २००० मिलिअँपिअर-तास धरायला हरकत नाही. मोबाइलसारखा लिथियमचा चार्ज होणारा सेलही चालतो, पण त्याला चार्जिंगचं आणि संरक्षणाचं वेगळं सर्किट लागतं. वर्षातले अकरा महिने माळ्यावर पडणाऱ्या कंदिलात असा सेल ठेवायला माझं मन घेत नाही.

आता गुणाकार-भागाकार. एका एलईडीला ४ मिलिअँपिअर देऊ. दहाही एकदम पेटवल्या तर ४०, म्हणजे २००० भागिले ४० बरोबर ५० तास. रोज संध्याकाळी चार तास म्हटलं तर बारा-तेरा संध्याकाळी. पण पळत्या दिव्यात कोणत्याही क्षणी एकच पेटलेली असते. खर्च ४ चा, तास ५००, संध्याकाळी सव्वाशे. पळते दिवे दिसतात श्रीमंत, खातात गरिबासारखं. बॅटरीवरच्या शोभेला ही रचना इतकी जमते ती यामुळे.

लाल रंगाचं कारणही सेलमध्येच आहे. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात. तीन सेल झिजत झिजत ३.३ व्होल्टवर आले, तरी तिच्यासाठी १.३ व्होल्ट शिल्लक राहतात. पांढरीला ३ लागतात, म्हणजे शिल्लक फक्त ०.३. तेच सेल, पण पांढरी चांदणी लवकर विझते आणि सेलमधली बरीच वीज सेलमध्येच राहते. पिवळी आणि नारिंगी लालच्याच पंगतीतल्या. हिरवीचं मात्र विचारून घ्या. जुन्या पद्धतीची पोपटी हिरवी दोन-सव्वादोन व्होल्टवर पेटते, नवी झगझगीत हिरवी निळीच्या घराण्यातली, तिलाही तीनच लागतात.

टाकी आणि खो-खो

सर्किटमध्ये दोनच चिप. एक ठोके देतो, दुसरा पाळी पुढे सरकवतो.

ठोके देणारा म्हणजे ५५५. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स या अमेरिकन कंपनीसाठी तो रचला, १९७२ मध्ये तो बाजारात आला आणि अजून गेलेला नाही. तो कसा चालतो हे समजायला सोसायटीच्या पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा, आपोआप चालू-बंद होणाऱ्या पंपाची. पाणी तळाकडून एक-तृतीयांशावर आलं की पंप सुरू, दोन-तृतीयांशावर गेलं की बंद, मग पाणी वापरात उतरतं, पुन्हा सुरू. इथे टाकी म्हणजे कपॅसिटर, पाणी म्हणजे वीज आणि नळाची जाडी म्हणजे रेझिस्टर. ५५५ च्या आत ५ हजार ओहमचे तीन सारखे रेझिस्टर एकाखाली एक असतात, आणि तेच सेलच्या व्होल्टेजचे तीन समान भाग पाडून या दोन खुणा ठरवतात.

आता यातली एक सुंदर बाजू. सेल उतरले तर खुणा खाली येतात, पण भरण्याचा जोरही त्याच प्रमाणात उतरतो. त्यामुळे ठोक्यांचा वेग बदलत नाही. सेल संपत आले की चांदणीचा उजेड मंद होतो, पण ती रेंगाळत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या या चिपचं मला सर्वात कौतुक वाटतं ते याच गोष्टीचं.

वेग काढायचा हिशोब असा: १.४४ ला भागायचं, कशाने, तर पहिल्या रेझिस्टरमध्ये दुसऱ्याची दुप्पट मिळवून त्याला कपॅसिटरने गुणून जे येईल त्याने. मी पहिला ४७ हजार ओहमचा, दुसरा ६ लाख ८० हजारांचा आणि कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा घेतला. उत्तर सेकंदाला दहाच्या किंचित वर. म्हणजे चांदणीभोवती एक फेरी एका सेकंदात. नंतर दुसऱ्या रेझिस्टरच्या जागी २ लाख २० हजारांचा कायमचा आणि त्याला जोडून १० लाखांचा स्क्रूड्रायव्हरने फिरणारा प्रीसेट टाकला, तेव्हा वेग सेकंदाला सहा ते तीस ठोके असा हवा तसा फिरू लागला.

सेल इथेही आडवा येतो. दुकानात नुसतं "५५५ द्या" म्हटलं की हातात पडतो एनई ५५५. तो काही न करता बसल्या बसल्या साधारण ३ मिलिअँपिअर खातो. आपला दिवा ४ खातो आणि ठोके देणारा ३! सव्वाशे संध्याकाळींच्या सत्तर झाल्या. शिवाय त्याला निदान साडेचार व्होल्ट लागतात असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं, आणि आपले तीन सेल साडेचारवर असतात फक्त नवेकोरे असताना. नंतर तो चालतोही कधी कधी, पण ती त्याची मेहरबानी. म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, पूर्ण नावाने मागा: टीएलसी ५५५ किंवा आयसीएम ७५५५. हे सीमॉस, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या पद्धतीचे. २ व्होल्टवरही चालतात आणि मिलिअँपिअरच्या एखाद-दुसऱ्या दशांशात भागवतात. पाय तेच, जागा तीच.

पाळी सरकवणारा ४०१७. हा म्हणजे खो-खो. खो-खोत आठ जण बसलेले आणि एक पळणारा, इथे नऊ विझलेल्या आणि एक पेटलेली. ५५५ चा प्रत्येक ठोका म्हणजे एक खो. जो पेटला होता तो बसतो, पुढचा उठतो, दहावा झाला की पुन्हा पहिला. अशा सर्किटला इंग्रजीत चेसर म्हणतात आणि खो-खोत पाठलाग करणाऱ्यालाही आपण चेसरच म्हणतो, हे लक्षात आल्यावर मी एकटाच हसलो होतो.

या चिपचेही दोन भाऊ आहेत. सीडी ४०१७ सगळीकडे मिळतो, ३ व्होल्टपासून पुढे चालतो, पण कमी व्होल्टेजवर त्याच्या अंगात जोर नसतो. ५ व्होल्ट देऊन त्याच्याकडून ३ मिलिअँपिअर मागितले, तर त्यातले निम्मे व्होल्ट तोच गिळतो. रात्री घरात लाल दिवा दिसायला तेवढंही चालतं. ७४एचसी४०१७ हा दुसरा. तो साडेचार व्होल्टवर ४ मिलिअँपिअर देतो आणि व्होल्टेज फारसं खाली येऊ देत नाही. त्याची मर्यादा ६ व्होल्ट. म्हणून चार सेल लावायचा विचार करू नका. नवे अल्कलाइन सेल दीडपेक्षा जरा जास्तच भरतात आणि चार मिळून सहाच्या वर जातात. तीन सेल, ७४एचसी४०१७ आणि लाल एलईडी: माझं त्रिकूट हे. एकेका वाटेवर चार-पाच एलईडी लावायच्या असतील, तर मात्र प्रत्येक वाटेला बीसी ५४७ सारखा ट्रान्झिस्टर हवा. चिपच्या पायातून तेवढं ओढू नये.

रेझिस्टर किती? सेलचे ४.५, त्यातून चिपचे ०.२ गेले, एलईडीचे २ गेले, उरले २.३ व्होल्ट. ते ४ मिलिअँपिअरने भागले की ५७५ ओहम. बाजारात ५६० मिळतो. आणि तो एकच पुरतो! दहाही एलईडींचे आखूड पाय एकत्र जोडायचे आणि तिथून एक रेझिस्टर बॅटरीच्या ऋण टोकाला न्यायचा. एका वेळी एकच पेटते, मग दहा रेझिस्टर कशाला?

पण याच युक्तीत नऊ व्होल्टवर एक खड्डा आहे आणि बऱ्याच जणांना तो दिसत नाही. पेटलेल्या एलईडीने २ व्होल्ट घेतले की तो सगळ्यांचा एकत्र बिंदू ७ व्होल्टवर जातो. विझलेल्या नऊंच्या दुसऱ्या बाजूला शून्य असतं. म्हणजे प्रत्येक विझलेल्या एलईडीवर ७ व्होल्ट उलटे बसतात, आणि बहुतेक एलईडींची उलट्या व्होल्टेजची मर्यादा ५ असते. त्या लगेच जळत नाहीत, म्हणून चूक लपून राहते. साडेचार व्होल्टवर उलटे जेमतेम अडीच बसतात आणि प्रश्नच उरत नाही.

पाय क्रमाने नाहीत

ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाग न देता भाग खोचून पाहायच्या पाटीवर, पहिल्यांदा जोडलं तेव्हा चांदणी पळेना. पेटत होती, पण वेड्यासारखी: वरून खाली, मग डावीकडे, मग परत वर. तासभर ५५५ ला दोष देऊन झाला. शेवटी माहितीपत्रक काढलं. मी चिपचे पाय १, २, ३, ४ असे ओळीने जोडले होते आणि ४०१७ च्या दहा वाटा पायांवर ओळीने नाहीतच. खरा क्रम असा: ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११. याच क्रमाने जोडलं तर उजेड पळतो. माझ्या बहिणीला मात्र ती वेडी चांदणीच आवडली होती. "चांदण्या अशाच लुकलुकतात, रांगेत नाही धावत," म्हणाली. तिचं चूक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवा चमत्कार. चांदणी नीट पळायची, पण मी हात जवळ नेला की थबकायची, कधी पुन्हा पहिल्या दिव्यापासून सुरू व्हायची. पायाखाली वायर हलत असेल म्हणून सगळ्या वायरी दाबून पाहिल्या. दोष निघाला १५ नंबरच्या पायात. तो रीसेटचा. मी तो वापरत नव्हतो, म्हणून मोकळाच सोडला होता. सीमॉस चिपचा आत येणारा पाय मोकळा सोडला की तो अँटेनासारखा वागतो. हातातून, घरातल्या वायरिंगमधून जे काही हवेत तरंगत असतं ते पकडतो आणि त्यालाच हुकूम समजतो. १५ आणि १३ हे दोन्ही पाय ऋण टोकाला बांधले, भूत गेलं. चिपच्या विजेच्या दोन पायांना खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा आणखी एक कपॅसिटर लावायचा, तोही याच जातीच्या कटकटी टाळायला. लांबच्या वायरीतून येणारी वीज ठोक्यागणिक हलते, तो ती जागच्या जागी सावरतो.

बोर्ड

बोर्डाची आकृती मी कायकॅडमध्ये काढली. ज्याँ-पिएर शारा या फ्रेंच प्राध्यापकांनी १९९२ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर आज फुकट मिळतं आणि चांगलं चालतं. आधी सर्किटची आकृती, मग प्रत्येक भागाचा बोर्डवरचा ठसा, मग सगळे ठसे बोर्डवर मांडायचे. कुठला पाय कुठे जोडायचा आहे हे बारीक रेषांच्या जाळ्यातून दिसत राहतं, आणि ते जाळं सोडवणं म्हणजे डिझाइन. पतंगाचा गुंतलेला मांजा सोडवायची ज्यांना आवड आहे त्यांना हे काम आवडेल.

४०१७ चे पाय उलटसुलट असल्यामुळे तांब्याच्या रेघा एकमेकींना आडव्या जातातच. म्हणून बोर्ड दोन थरांचा घ्यावा. एक रेघ वरून, दुसरी छिद्रातून खाली उतरून पलीकडे. चिप कोणत्या दिशेला फिरवला तर आडव्या रेघा कमी होतात, हे चारही बाजूंनी फिरवून पाहिलं आणि चांदणीचा पहिला दिवा कोणत्या टोकाला ठेवायचा तेही फिरवून पाहिलं. सुरुवात कुठूनही केली तरी पळणाऱ्याला काय फरक पडतो? रेघा ०.३ मिलिमीटर रुंद ठेवल्या. तांब्याचा नेहमीचा थर ३५ मायक्रॉनचा असतो, त्यावर आपले चार मिलिअँपिअर म्हणजे मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर एकटी सायकल.

दिव्यांच्या जागा माउसने अंदाजे ठेवू नका, डोळ्याला अर्ध्या मिलिमीटरची चूकही वाकडी दिसते. मी दिवे कडेपासून थोडे आत, म्हणजे बाहेरचे ३६ मिलिमीटर त्रिज्येवर आणि आतले १३.७५ वर घेतले. मध्य (१००, १००) धरला तर वरचा दिवा (१००, ६४) वर येतो आणि उजवीकडचा टोकाचा (१३४.२, ८८.९) वर. बाकीचे कॅल्क्युलेटरवर काढा. कायकॅडमध्ये खाली जावं तसा दुसरा आकडा वाढतो, शाळेच्या आलेखाच्या उलट. शाळेतलं सूत्र तसंच वापरलं, तर चांदणी डोक्यावर उभी राहते. माझी राहिली होती.

चांदणीच्या आतल्या कोपऱ्यांबद्दल थोडं. बोर्ड कापणारं यंत्र गोल फिरणाऱ्या पात्याचं असतं आणि पातं बहुधा २ मिलिमीटर जाडीचं. ते आतल्या खाचेत धारदार कोपरा काढूच शकत नाही, १ मिलिमीटरची गोलाई राहणारच. बाहेरची टोकं धारदार निघतात, पण ती मी मुद्दाम गोल केली, कारण काचतंतूंचा बोर्ड टोचतो. तांबं कडेपासून अर्धा मिलिमीटर आत ठेवायचं, हेही त्याच कापण्यासाठी.

शोभा म्हणून बोर्डाच्या रंगाशी खेळता येतं. काळा लेप, त्यावर पांढऱ्या शाईत ठिपक्यांची रांगोळी छापून येते, वेगळे पैसे लागत नाहीत. त्याहून छान एक गोष्ट: बोर्डाच्या ज्या भागावर दोन्ही बाजूंनी तांबं आणि लेप काढून टाकला, तिथे उरतो नुसता पिवळसर काचतंतूंचा पत्रा आणि तो उजेड आरपार सोडतो. मागून एलईडी लावली की समोर मऊ, तुपाच्या निरांजनासारखा गोळा दिसतो. माझ्या दुसऱ्या चांदणीत मी टोकांना असे पाच झरोके ठेवले.

हे सगळं झाल्यावर बॅटरी पुन्हा आली, या वेळी वजन घेऊन. चांदणीचा बोर्ड पाच-सहा ग्रॅमचा, तीन सेल मिळून जवळजवळ सत्तर ग्रॅम. पहिल्या वर्षी सेलची डबी चांदणीच्या पाठीला चिकटवली आणि वरच्या टोकाला भोक पाडून दोरा ओवला. पाठीमागच्या वजनाने चांदणी मागे कलून आकाशाकडे बघत राहिली. खालून येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसायची ती फक्त कडा. दुसऱ्या वर्षी उलट केलं. डबी वर, कंदिलाच्या टोपीत लपवली, दोरा तिलाच बांधला आणि चांदणी दोन वायरींवर खाली सोडली. टांगायचं वजन वर, पाहायची वस्तू खाली. वाऱ्याने ती हळूहळू गिरकी घेते, तेही बरं दिसतं.

डबीत सेल उलटे घातले जाण्याची खात्रीच धरा, कारण ते घालणारे आपण नसतो. बचावासाठी डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावतात, पण नेहमीचा १एन४००७ घेतला तर तो साडेचारपैकी ०.७ व्होल्ट कायमचे खातो. शॉटकी जातीचा १एन५८१९ अशा बारीक करंटला ०.३ च्या आतच भागवतो. मी तो लावला आणि पहिल्याच संध्याकाळी त्याचं सार्थक झालं. सेल बाबांनी घातले होते.

मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम भरता येणारा चिप, वापरून हे सगळं एका आठ पायांच्या चिपमध्ये बसवता येतं. मग दिव्यामागे विरत जाणारी शेपटी, उलटसुलट पळणं, चार तासांनी आपोआप झोपणं, सगळं. पुढच्या वर्षी करेन कदाचित. पण पहिली चांदणी करणाऱ्याने ५५५ आणि ४०१७ नेच करावी असं माझं मत आहे. चूक झाली तर ती मल्टीमीटरने सापडते, प्रोग्राममध्ये शोधावी लागत नाही. प्रत्येक एलईडीच्या आत चिप असलेल्या रंगीत पट्ट्या मात्र सेलवर लावू नका. त्यातली प्रत्येक एलईडी विझलेली असतानाही जवळपास १ मिलिअँपिअर घेत राहते. दहा विझलेल्या मिळून आपल्या पेटलेलीच्या दुपटीहून जास्त खातात.

गेल्या दिवाळीत आईने माझ्या हातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि प्रीसेट अगदी शेवटपर्यंत फिरवला. सेकंदाला जेमतेम सहा ठोके. "एवढं काय धावायचंय तिला," म्हणाली. त्रिपुरी पौर्णिमेला कंदील उतरवला तेव्हा सेल काढून ठेवले, नाहीतर ते माळ्यावर गळतात आणि डबीच्या स्प्रिंगा हिरव्या होतात. मल्टीमीटरवर प्रत्येकी १.४ च्या वर होते. एक हॉलच्या घड्याळात गेला, दोन बाबांच्या रेडिओत.